विद्यापीठाच्या रंगमंचावरचे नाट्यवर्ष

जून-जुलैमध्ये विद्यापीठांची नवी सत्रे सुरू झाली की नाट्यशास्त्र विभागांत येत्या वर्षातील नाटकांची चर्चा सुरू होते. कोणती संहिता कोणत्या वर्गाला द्यायची, दिग्दर्शनासाठी बाहेरून कोणाला बोलवायचे, कोणता प्रयोग सभागृहात आणि कोणता उघड्यावर करायचा, हे ठरत जाते आणि एक दिवस फलकावर नाटकांच्या नावांचा कागद लागतो. व्यावसायिक नाटकांच्या जाहिराती वृत्तपत्रांत ठळकपणे झळकतात. हा कागद मात्र विद्यापीठाच्या आवाराबाहेर क्वचितच पोहोचतो. त्यामुळे शहरातील नाट्यरसिकांना आपल्या गावातच भास, देवल, ब्रेख्त आणि तेंडुलकर यांची नाटके एकाच वर्षात पाहावयास मिळतात, याची अनेकदा कल्पनाच नसते.

महाराष्ट्रातील विद्यापीठीय रंगभूमीचा विचार करताना तीन केंद्रे प्रामुख्याने डोळ्यांसमोर येतात. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग त्यांत वयाने वडील. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेले कमलाकर सोनटक्के यांच्या कारकिर्दीत या विभागाने मराठवाड्यातील तरुणांना आधुनिक रंगभूमीची ओळख करून दिली. पुणे विद्यापीठाचे (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले. नाटककार सतीश आळेकर १९९६ ते २००९ या काळात त्याचे प्रमुख होते. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ मध्ये कालिना संकुलात सुरू झाली. तिचे संस्थापक संचालक वामन केंद्रे पुढे, २०१३ मध्ये, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले.

राज्याबाहेर बडोद्याचे उदाहरण मराठी माणसाला जवळचे आहे. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि नाट्यशिक्षणाला पदवी अभ्यासक्रमात स्थान देणाऱ्या देशातील पहिल्या काही विद्यापीठांत त्याची गणना होते. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये स्थापन झाले. इब्राहिम अल्काझी यांच्या काळात (१९६२-७७) त्याने जी शिस्त घालून दिली, तिचा ठसा पुढे बहुतेक सर्व विभागांवर उमटला. रोहिणी हट्टंगडी, सई परांजपे ही मराठी रसिकांच्या परिचयाची नावे त्याच विद्यालयातली.

'सीझन'ची कल्पना

वर्षाच्या आरंभी संपूर्ण वर्षाची नाटके जाहीर करावयाची, ही पद्धत मूळची पाश्चात्त्य. अमेरिकेत कार्नेगी टेक येथे १९१४ मध्ये नाट्यविषयातील पदवी सुरू झाली. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर हे प्राध्यापक नाट्यलेखनाचा वर्ग घेत असत आणि विद्यार्थ्यांची नाटके '४७ वर्कशॉप' या नावाने सादर करीत. यूजीन ओनील हा त्यांचा विद्यार्थी. हार्वर्डला नाटकाची ही उठाठेव फारशी मानवली नाही आणि १९२५ मध्ये बेकर येलला निघून गेले. येलचे नाट्यविद्यालय त्यातूनच उभे राहिले. आज अमेरिकेतील नाट्यविभाग चार-सहा नाटकांचा 'सीझन' आधी जाहीर करतात, त्याची वर्गणीची तिकिटे विकतात आणि त्यातून निर्मितीचा काही खर्च भागवतात. या वेळापत्रकात एखादे मराठी नाटकही कधी येऊन जाते. जॉर्जिया विद्यापीठाच्या नाट्यविभागाने २००५ मध्ये आळेकरांना पाचारण करून त्यांच्या 'बेगम बर्वे'चा इंग्रजी प्रयोग त्यांच्याच दिग्दर्शनाखाली केला होता.

आपल्याकडे वर्गणीदार प्रेक्षक ही संस्था नाही. नाटकाची निवड तिकीटबारीकडे पाहून होत नाही, ती अभ्यासक्रमाकडे पाहून होते. हे विद्यापीठीय रंगभूमीचे वैगुण्य आहे, तसेच तिचे सर्वांत मोठे सामर्थ्यही.

सामर्थ्य अशासाठी, की व्यावसायिक नाटकाचे गणित पात्रसंख्येपाशी येऊन अडते. प्रत्येक नटाची 'नाईट', दौऱ्याची बस, नाट्यगृहाचे भाडे आणि जाहिरातीचा खर्च जमेस धरला की निर्माता पाच-सहा पात्रांच्या पलीकडे जाण्यास राजी नसतो. दिवाणखाना, एक सोफा, दोन दारे आणि एक खिडकी हे मराठी नाटकाचे नेपथ्य पिढ्यान्‌पिढ्या का टिकले, याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात कमी आणि ट्रकच्या मापात अधिक सापडेल. विद्यापीठात मात्र पंधरा-वीस विद्यार्थ्यांचा वर्ग हाताशी असतो. प्रत्येकाला काम मिळावे, ही तेथे अडचण नसून गरज असते. त्यामुळे ज्या नाटकांना समूह लागतो, ती नाटके नेमकी तेथेच जगतात.

'घाशीराम कोतवाल' हे याचे ठळक उदाहरण. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रथम सादर झाले. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना यांतून उभा राहिलेला तो 'मानवी पडदा' रंगमंचावरची वस्तूच नव्हे, तर नाटकाचे मुख्य पात्र होते. ओळीने उभे राहिलेले नट क्षणात भिंत होतात, क्षणात देवळातली गर्दी होतात, तर क्षणात नानांचे कारस्थान झाकणारा आडोसा होतात. हे नाटक मूळ संस्थेने प्रयोग थांबवल्यानंतर त्या तरुण कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन करून पुढे नेले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. पण आज एखाद्या निर्मात्याला एवढ्या नटांचा ताफा घेऊन महाराष्ट्रभर फिरा असे सांगितले, तर तो हात जोडील. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र हा पडदा म्हणजे अभिनयाची शाळा होय. एकट्याने चमकण्याआधी दुसऱ्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला तेथे शिकावे लागते.

गंमत अशी, की विद्यापीठाच्या नाट्यविभागातील प्राध्यापकाने केलेला मराठीतील सर्वाधिक गाजलेला प्रयोग एकपात्री होता! औरंगाबादच्या विभागाचे प्रमुखपद भूषविलेले डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने ५२ पात्रे उभी केली. शीर्षकामुळे अनेकांना हे नाटक विदर्भातल्या वऱ्हाडी बोलीत आहे असे वाटते. वस्तुतः ते वऱ्हाड लग्नाचे आहे आणि बोली मराठवाड्याची.

वर्षाची मांडणी

विद्यापीठाचे नाट्यवर्ष दोन सत्रांत विभागलेले असते. पहिल्या सत्रात साधारणतः एकांकिका, प्रवेश आणि छोट्या नाटकांवर भर असतो. दुसऱ्या सत्रात पूर्ण लांबीची नाटके येतात आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची स्वतंत्र दिग्दर्शने होतात. पावसाळ्यात वाचने आणि तालमी, दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे पहिले प्रयोग, हिवाळ्यात उघड्या रंगमंचावरील नाटके आणि मार्च-एप्रिलमध्ये परीक्षेची नाटके, असा हा क्रम थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळतो. पुण्यातील केंद्राचा 'अंगणमंच' आणि कालिन्याचा मुक्ताकाश रंगमंच यांचा खरा उपयोग थंडीच्या दिवसांतच होतो.

एका निर्मितीत एखादा विद्यार्थी नायक असतो. पुढच्या नाटकात तोच प्रकाशयोजनेच्या पाटीपाशी बसलेला दिसतो किंवा विंगेत वस्तू मांडताना आढळतो. ही अदलाबदल सक्तीची असते आणि ती असावी. हौशी रंगभूमीवर नट नटच राहतो, त्याला नेपथ्याची चौकट कशी उभी राहते हे वीस वर्षे काम करूनही ठाऊक नसते.

येथे स्पर्धांच्या रंगभूमीशी तुलना अपरिहार्य ठरते. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची 'पुरुषोत्तम करंडक' आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि अनेक नामवंत नट-दिग्दर्शक तिच्यातून पुढे आले. राज्य नाट्य स्पर्धेची परंपरा त्याहूनही जुनी. स्पर्धेच्या एकांकिकेला परीक्षकांवर तासाभरात छाप पाडायची असते. साहजिकच तिच्यात धक्का, वेग आणि टाळीची वाक्ये यांना महत्त्व येते. विभागात येणारे बरेच विद्यार्थी हीच सवय घेऊन येतात. त्यांना चेकॉव्हच्या नाटकात काहीच 'घडत' नाही असे वाटते. ते न घडणेच कसे खेळायचे, हे शिकविण्यात पहिले वर्ष जाते.

संस्कृतपासून संगीत नाटकापर्यंत

वर्षाच्या यादीत एखादे संस्कृत नाटक बहुधा असतेच, आणि त्यांत भासाला झुकते माप मिळते. भासाची तेरा नाटके त्रिवेंद्रमच्या त. गणपतिशास्त्रींनी शोधून १९१२ पासून प्रसिद्ध केली. तोवर हा नाटककार बव्हंशी नावानेच ठाऊक होता. 'मध्यमव्यायोग' आणि 'ऊरुभंग' ही एकांकी नाटके विद्यार्थ्यांना सोयीची. पहिल्यात घटोत्कच आईच्या आज्ञेवरून एका ब्राह्मणाच्या मधल्या मुलाला पकडून नेऊ पाहतो आणि वाटेत त्याची गाठ आपल्याच बापाशी, भीमाशी पडते. दुसऱ्यात मांड्या फुटलेला दुर्योधन रंगमंचावर प्राण सोडतो. मृत्यू प्रत्यक्ष दाखवू नये हा शास्त्राचा संकेत येथे मोडला आहे, आणि महाभारतातला खलनायक शेवटच्या घटकेस इतका मोठा होतो की नटाला त्याच्याशी वैर धरता येत नाही. शूद्रकाचे दहा अंकी 'मृच्छकटिक' हे मात्र मोठे धाडस. देवलांनी ते संगीत नाटकाच्या रूपात मराठीत आणले, त्यामुळे विभागांना ते दोन्ही वाटांनी करता येते.

संगीत नाटकाच्या बाबतीत ललित कला केंद्राची एक जमेची बाजू आहे. तेथे संगीत, नृत्य आणि नाट्य हे तिन्ही विषय एकाच छताखाली, गुरुकुल पद्धतीची आठवण ठेवून शिकविले जातात. पेटी आणि तबल्याची साथ शोधण्यासाठी बाहेर जावे लागत नाही. तरीही खरी अडचण वेगळीच आहे. गाणारा विद्यार्थी गद्य बोलताना अवघडतो आणि बोलणारा विद्यार्थी पद आले की घाबरतो. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा पद हे संवादाचाच पुढचा श्वास होते. पुढे मैफलीचा शिरकाव झाला, 'वन्समोअर'ची प्रथा वाढली आणि नाटक थांबवून गाणे होऊ लागले. आजच्या विद्यार्थ्याने यांपैकी कोणते संगीत नाटक करायचे, हा प्रश्न दिग्दर्शकाला सोडवावा लागतो. त्या दृष्टीने देवलांचे 'शारदा' (१८९९) अजूनही सर्वांत योग्य निवड ठरते. जरठ-कुमारी विवाहाचा विषय जुना झाला असे म्हणावे, तर बालविवाहाच्या बातम्या अद्याप वृत्तपत्रांत येतच असतात. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात तो या नाटकावरून, असा एक समज प्रचलित आहे. तो खरा नव्हे. ते नाव विधेयक मांडणारे हरबिलास सारडा यांचे.)

यादीत असावयास हवे, पण फार उशिरा येऊ लागलेले नाटक म्हणजे महात्मा फुले यांचे 'तृतीय रत्न'. ते १८५५ चे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही आणि शंभराहून अधिक वर्षांनी, १९७९ मध्ये ते छापले गेले. गरोदर कुणबी बाईला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, तिचा भोळा नवरा, मध्येच येणारा पाद्री आणि या सर्वांवर प्रेक्षकांच्या वतीने बोलणारा विदूषक, असा त्याचा पट आहे. मराठी नाटकाचा इतिहास १८४३ च्या सांगलीच्या 'सीतास्वयंवरा'पासून सुरू करून सरळ 'शाकुंतला'कडे नेण्याची जुनी रीत होती. तीत या नाटकाला जागाच नव्हती. विदूषकाने थेट प्रेक्षकांशी बोलण्याचे तंत्र पाहता पुढच्या शतकातल्या ब्रेख्तची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अर्थात ही तुलना नेमाने करून आपण फुल्यांना उसन्या कौतुकाची गरज असल्यासारखे वागतो, हेही खरे.

परकी नाटके, मराठी अवतार

परदेशी नाटकांच्या बाबतीत मराठी विभागांना भाषांतरांची मोठी पुंजी लाभली आहे. शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' आगरकरांनी 'विकारविलसित' म्हणून, 'ऑथेल्लो' देवलांनी 'झुंझारराव' म्हणून आणि 'मॅक्बेथ' शिरवाडकरांनी 'राजमुकुट' म्हणून मराठीत आणले. विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' आणि पु. ल. देशपांड्यांचा 'राजा ओयदिपौस' ही भाषांतरे तर मुळातल्या धारेच्या जवळ राहण्यासाठी वाखाणली जातात. ब्रेख्तच्या नाटकांचे भाग्य असे, की चि. त्र्यं. खानोलकर ('अजब न्याय वर्तुळाचा'), व्यंकटेश माडगूळकर ('देवाजीने करुणा केली') आणि पुलं ('तीन पैशाचा तमाशा') अशा तीन भिन्न प्रकृतींच्या लेखकांनी त्यांना हात घातला. विद्यार्थ्यांना एकाच वर्षात यांतील दोन संहिता दिल्या, तरी भाषांतर म्हणजे काय हे व्याख्यानावाचून कळते.

इब्सेनचे 'डॉल्स हाऊस' आजही वर्गात वाचले जाते. मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'वर (१९४२) त्याची छाया आहे. पण नोरा दार लावून निघून जाते, त्या आवाजाची जातकुळी मराठी कुलवधूच्या शेवटाहून निराळीच. हा फरक रंगमंचावर लागोपाठ पाहता आला, तर स्त्रीच्या प्रश्नाकडे दोन समाजांनी कसे पाहिले, याचा वेगळा निबंध लिहावा लागणार नाही.

आधुनिकांची गर्दी

सर्वाधिक मागणी साहजिकच स्वातंत्र्योत्तर नाटकांना असते. त्यांत 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) हे जवळजवळ प्रत्येक पिढीने एकदा करून पाहिलेले नाटक. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात लीला बेणारे खरोखरीच आरोपी होते. नटांनी नट असल्याचे सोंग करायचे, ही त्यातली गुंतागुंत विद्यार्थ्यांना आकर्षित करते. महेश एलकुंचवारांची 'होळी' ही एकांकिका वसतिगृहातल्या मुलांची आहे आणि ती करणारी मुले बहुधा वसतिगृहातच राहत असतात. त्यामुळे तालमीत अभिनय कोठे संपतो, हे पाहणे शिक्षकाचे काम होऊन बसते. एलकुंचवारांच्याच 'वाडा चिरेबंदी'ला मात्र वय लागते. विशीतल्या मुलीने पांढऱ्या पावडरीच्या जोरावर आई आणि आजी साकारली, तर ते प्रेक्षकांपेक्षा तिलाच अधिक जाचते. ते नाटक विद्यार्थ्यांनी करू नये असे नव्हे; पण वार्धक्य हे केसांत नसून बसण्या-उठण्याच्या वेळेत असते, हे समजेपर्यंत थांबावे.

आळेकरांचे 'महानिर्वाण' (१९७४) या बाबतीत सोपे आणि तितकेच फसवे. भाऊरावांचे प्रेतच कीर्तनकार होऊन आपल्या अंत्यसंस्काराची कथा सांगू लागते आणि जुन्या स्मशानातच जाळले जाण्याचा हट्ट धरते. चाळकऱ्यांचा समूह, कीर्तनाचा ठेका आणि मृत्यूची चेष्टा यांमुळे तरुण चमू त्यात रमतो. मात्र हशा पिकवण्याच्या नादात मुलगा नाना याचे एकटेपण निसटले, की नाटकाचा प्रहसनी सांगाडाच उरतो. 'बेगम बर्वे' (१९७९) याहून कठीण. संगीत नाटकाच्या पडत्या काळातला एक दुय्यम स्त्रीपार्टी नट उदबत्त्या विकतो आणि दोन कारकुनांच्या स्वप्नात शिरतो. ज्या विद्यार्थ्याने संगीत नाटक कधी ऐकलेच नाही, त्याला त्या स्वप्नातली हुरहुर कशी कळावी? म्हणूनच नाट्यवर्षाची आखणी करताना आधी 'शारदा', मग 'बेगम बर्वे', असा क्रम ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.

दलित रंगभूमीच्या संहिता या यादीत किती असतात, यावरून विभागाची नियत ओळखता येते. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही दोन पात्रांची एकांकिका आणि दत्ता भगत यांचे 'वाटा पळवाटा' ही नाटके आता अभ्यासक्रमात स्थिरावली आहेत. अभ्यासक्रमात असणे आणि रंगमंचावर येणे यांत मात्र अंतर असते.

हक्क आणि परवानगी

नाटक निवडताना एक रूक्ष, पण निर्णायक बाब असते ती लेखनहक्काची. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क अबाधित राहतात. गडकरी (निधन १९१९) आणि देवल (१९१६) केव्हाच मुक्त झाले. खाडिलकर (१९४८) यांची नाटके २००९ च्या आरंभापासून खुली आहेत. आचार्य अत्रे (१९६९) यांच्यासाठी २०२९ संपेपर्यंत, शिरवाडकर (१९९९) यांच्यासाठी २०५९ संपेपर्यंत आणि तेंडुलकर (२००८) यांच्यासाठी २०६८ संपेपर्यंत परवानगी लागेल. सोफोक्लीझ कोणाच्याही मालकीचा नाही. पण पुलंचा 'ओयदिपौस' करावयाचा तर पुलंच्या हक्कदारांना विचारले पाहिजे. भाषांतराचा हक्क स्वतंत्र असतो, याचा विसर अनेकांना पडतो.

कायद्यात शिक्षणसंस्थांना एक सवलत दिलेली आहे. संस्थेतील शिक्षक-विद्यार्थ्यांनी संस्थेच्या कामाचा भाग म्हणून प्रयोग केला आणि प्रेक्षकांत केवळ शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती असतील, तर तो हक्कभंग ठरत नाही. बाहेरच्या रसिकांसाठी दार उघडले की मात्र सवलत संपते. विद्यापीठातील काही प्रयोग 'केवळ निमंत्रितांसाठी' का असतात, याचे एक कारण येथे आहे.

दुसरी बाब परिनिरीक्षणाची. महाराष्ट्रात नाटकाचा सार्वजनिक प्रयोग करण्यापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. 'सखाराम बाइंडर'च्या वेळी कमलाकर सारंगांना याच मुद्द्यावर उच्च न्यायालयात जावे लागले होते. निकाल नाटकाच्या बाजूने लागला. पण प्रमाणपत्र हातात असले म्हणजे प्रयोग निर्वेध होतो, असे नाही, हेही त्या काळाने दाखवून दिले.

विद्यापीठाच्या आवारातील नाटक या सगळ्यापासून सुरक्षित असते, असा समज दीर्घकाळ होता. २ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याला तडा गेला. ललित कला केंद्राच्या विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या, रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागील वर्तनावरील नाटकाला एका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेऊन प्रयोग थांबविला. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली व नंतर जामीन मिळाला. केंद्राच्या आवारात मोडतोडही झाली. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की आराध्य दैवतांच्या वेशातील पात्रांना तसे दाखविणे गैर होते. नाट्यक्षेत्रातील अनेकांचे म्हणणे असे, की वर्गातील प्रयोग चुकला तर त्याची चर्चा वर्गात व्हावी, पोलीस ठाण्यात नव्हे. या घटनेचा धडा कोणी कसाही घेवो, संहिता निवडताना विद्यार्थी आता एक प्रश्न अधिक विचारणार: हे केले तर काय होईल? नवशिक्या लेखकाला चुकण्याची मुभा जेथे असते, अशी जागा विद्यापीठाखेरीज फारशी उरलेली नाही, म्हणून हा प्रश्न गंभीर आहे.

कोणाची मुले, कोणती भाषा

विभागांत येणारा विद्यार्थी आता सदाशिव पेठेतला किंवा दादरचा राहिलेला नाही. बीड, लातूर, सोलापूर, नांदेड येथून आलेली मुले-मुली मोठ्या संख्येने असतात. घरी नाटकाला पोटापाण्याचा धंदा मानीत नाहीत आणि पदवीनंतर काय, याला नेमके उत्तर नसते. मुक्ता बर्वे पुण्याच्या ललित कला केंद्रात शिकल्या आणि मकरंद अनासपुरे औरंगाबादच्या विभागात, ही उदाहरणे पालकांना दाखवली जातात. प्रत्येक तुकडीतून अशी नावे निघत नाहीत, हे शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही जाणून असतात.

यातून भाषेचा प्रश्न पुढे येतो. 'न' आणि 'ण' यांचा उच्चार सुधारण्यात कधीकाळी पहिले सत्र खर्ची पडे. उच्चारशुद्धी हवीच, गडकऱ्यांचे वाक्य तिच्याविना उभेच राहत नाही. मात्र मुलांची बोली पुसून टाकून त्यांना छापील मराठी बोलायला लावले, की त्यांच्या अभिनयातला जिवंतपणाही त्याच बोळ्याने पुसला जातो. चांगले विभाग आता दोन्ही राखतात. एका नाटकात प्रमाण भाषा, तर दुसऱ्यात विद्यार्थ्याच्या गावची बोली, असे वाटप वर्षाच्या यादीतच करता येते.

या सर्व खटाटोपाचे आयुष्य किती, तर दोन किंवा तीन प्रयोग. सहा आठवडे तालमी केलेले नाटक परीक्षकांनी गुण दिले की संपते. नेपथ्याच्या चौकटी सुट्या होऊन पुढच्या नाटकाला जातात, वेशभूषा पेटाऱ्यात परततात. संहितेवर दिग्दर्शकाने केलेल्या खुणा, हालचालींचे आराखडे, प्रकाशाची टिपणे यांचे पद्धतशीर जतन व्हावयास हवे. शोधनिबंधांसाठी कपाटे असतात, प्रयोगवह्यांसाठी क्वचितच. मूळ चमूने महाराष्ट्राच्या दोन-चार शहरांत हेच नाटक नेले, तर विद्यार्थ्यांना अनोळखी प्रेक्षकासमोर उभे राहण्याचा अनुभव मिळेल. तोवर प्रेक्षकांनाच तेथे जावे लागते.

जाणे अवघड नाही. बहुसंख्य खुले प्रयोग विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात असतात आणि त्यांची सूचना विभागाच्या फलकावर, अलीकडे समाजमाध्यमांवरही, चार-आठ दिवस आधी लागते. आसने थोडी, त्यामुळे वेळेआधी पोहोचलेले बरे. उघड्या मंचावरच्या प्रयोगाला हिवाळ्यात शाल बरोबर असावी. आणि तिसरी घंटा झाल्यावर भ्रमणध्वनी बंद ठेवावा, कारण पहिल्या रांगेपासून नट अवघ्या चार-पाच हातांवर उभा असतो आणि बहुधा तो आयुष्यात प्रथमच परक्या माणसांसमोर बोलत असतो.